भाटकार गेला, मुंडकार राहिला

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला, की हैदराबादच्या विद्यानगर वस्तीतून आमच्याकडे एक पत्र येते. पत्रलेखक मूळचे मराठवाड्याचे. निजामी अमदानीत त्यांचे घराणे हैदराबादेत स्थिरावले. पुढे नोकरीच्या निमित्ताने त्यांनी काही वर्षे वास्कोत काढली आणि त्या मुक्कामात त्यांना दोन सवयी जडल्या. एक आमच्या दैनिकाची, दुसरी फुटबॉलची. निवृत्तीनंतर ते विद्यानगरातील आपल्या घरी परतले, परंतु या दोन्ही सवयी त्यांनी सोडल्या नाहीत. हैदराबाद एफसी हा संघ आगामी हंगामात काय करील, याचे सविस्तर भाकीत ते दरवर्षी लिहून पाठवीत. डावा बचाव कोण सांभाळणार, नवा परदेशी आघाडीपटू किती गोल करणार, गोलरक्षकाच्या गुडघ्याची काय अवस्था आहे, अशा बारकाव्यांनी ते पत्र भरलेले असे. यंदाचे पत्र मात्र चार ओळींचे आहे. त्यात भाकीत नाही, केवळ एक प्रश्न आहे: आपला संघ दिल्लीला गेला, तर आपणही दिल्लीकर व्हावयाचे काय?

प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटेल. परंतु त्यामागील खिन्नता खरी आहे आणि ती एकट्या विद्यानगरची नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबाद एफसी या संघाने हैदराबाद सोडले आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली हे नाव धारण करून तो राजधानीत गेला. इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद मिळविणारा संघ सुमारे साडेतीन वर्षांत आपल्या शहरातून उठून गेला, ही घटना देशाच्या क्रीडाजीवनात एखाद्या दुकानाने जागा बदलावी इतक्या सहजतेने पचविली गेली. वृत्तपत्रांनी बातमी दिली, काही जणांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला. तो इतक्या स्वस्तात संपू नये, असे आम्हांस वाटते. आणि तसे वाटण्यास गोमंतकीय म्हणून आम्हांस सबळ कारण आहे.

ते कारण फातोर्ड्याच्या मैदानावर आहे. महामारीमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांतील सर्व सामने गोव्यातच खेळविले गेले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यास अंतिम सामना झाला तो हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यात. केरळचे पाठीराखे मोठ्या संख्येने गोव्यात उतरले होते, त्यामुळे स्टेडियम पिवळ्या रंगाने भरून गेले होते. केरळने आघाडी घेतली आणि सामना हातचा गेला असे वाटत असतानाच, अखेरची दोन-तीन मिनिटे उरली असता साहिल ताव्होरा या गोमंतकीय तरुणाने बरोबरीचा गोल केला. पुढे पेनल्टींचा फैसला झाला. त्यात लक्ष्मीकांत कट्टीमनी या गोमंतकीय गोलरक्षकाने तीन फटके अडविले आणि हैदराबादने ३-१ असा विजय मिळविला. याच मैदानावर, २०१५ च्या अंतिम सामन्यात, एफसी गोवाच्या गोलात उभ्या असलेल्या कट्टीमनीच्या वाट्याला शेवटच्या क्षणी स्वयंगोलाचे दुर्दैव आले होते. सहा वर्षांनी त्याच मैदानाने त्याचे देणे फेडले. चषक हैदराबादचा असला, तरी त्या रात्री फातोर्ड्याहून घरी परतणाऱ्या कितीतरी गोमंतकीयांना तो थोडासा आपलाही वाटला.

त्या संघाची जडणघडण अभ्यासण्याजोगी होती. २०१९-२० च्या पहिल्या हंगामात तो दहा संघांत दहावा आला. अठरा सामन्यांत केवळ दोन विजय. गच्चीबोवलीच्या मैदानावर केरळविरुद्ध २-१ असा मिळविलेला पहिला विजय, एवढीच त्या वर्षीची शिदोरी. त्यानंतर मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाने सूत्रे घेतली. नामवंतांच्या मागे न धावता आकाश मिश्रा, आशिष राय, कोल्हापूरचा अनिकेत जाधव यांसारख्या तरुण भारतीय खेळाडूंवर त्यांनी भर दिला आणि त्यांच्या जोडीला मोजके, अनुभवी परदेशी खेळाडू दिले. संघ २०२०-२१ मध्ये पाचवा आला, पुढच्या वर्षी विजेता झाला. त्या विजयी हंगामात सदतिशीतला ओगबेचे याने अठरा गोल केले. २०२२-२३ मध्येही संघ साखळीत दुसरा राहिला आणि उपांत्य फेरीत कोलकात्याच्या संघाकडून पेनल्टींवर पराभूत झाला. विद्यानगरच्या आमच्या वाचकाची भाकिते या तीन वर्षांत बव्हंशी खरी ठरत होती. ज्या संघाची बांधणी विचारपूर्वक झालेली असते, त्याचे भाकीत करणे शक्य होते. कारण तेथे कारण आणि परिणाम यांचा संबंध शाबूत असतो.

तो संबंध मैदानावर तुटला नाही, कचेरीत तुटला. मार्केझ २०२३ मध्ये एफसी गोवाकडे आले. खेळाडूंची देणी थकली; फिफाने नवे खेळाडू नोंदविण्यास बंदी घातली; हंगाम चालू असतानाच परदेशी व अनुभवी खेळाडू एकेक करून निघून गेले. उरलेल्या पोरसवदा खेळाडूंनी २०२३-२४ चा हंगाम अक्षरशः अंगावर काढला. बावीस सामन्यांत एक विजय मिळाला आणि संघ तळाशी राहिला. २०२४ मध्ये मालकी बदलली, नव्या मालकांनी संघ तगविला, परंतु पुढचा हंगामही तळाच्या आसपासच सरला. आणि त्यानंतर बिऱ्हाड हलले. या सर्व काळात संघाच्या भवितव्याचा विचार ज्यांनी सर्वांत मनापासून केला, ते तिकीट काढून बाकावर बसणारे प्रेक्षक होते. त्यांना कोणी काही विचारले नाही. विचारावे असे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते.

या कथेचा पूर्वरंग महाराष्ट्रात घडलेला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. हैदराबादला २०१९ मध्ये संघ मिळाला, तो पुण्याने गमावला म्हणून. २०१४ पासून बालेवाडीच्या मैदानावर खेळणारा एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे गुंडाळला गेला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादकडे गेली. त्याआधी पुणे एफसी आणि भारत एफसी हे संघ २०१५ मध्ये, तर डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये राष्ट्रीय पातळीवरून बाहेर पडले होते. अवघ्या चार-पाच वर्षांत एका शहराने चार संघांना निरोप दिला. पुण्याच्या त्या प्रेक्षकाचे पुढे काय झाले, याची चौकशी २०१९ मध्ये हैदराबादने केली नाही. आम्हीही केली नाही. संघ मिळाल्याच्या आनंदात, तो कोणाच्या घरातून आला हे विचारणे आपण सर्वांनीच टाळले. पुण्याच्या अंगणातून उचललेले रोप हैदराबादेत लावले, तेथून उपटून दिल्लीस नेले. असे रोप जगेलही. पण त्याने मूळ कधी धरावे?

आणि हैदराबाद ही काही फुटबॉलची पडीक जमीन नव्हे. विद्यानगरला लागूनच उस्मानिया विद्यापीठाचा परिसर आहे. या विद्यापीठाचे पदवीधर सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. विद्यानगरनजीकच्या काचीगुड्यातील शाळेतही त्यांनी मुलांना शिकविले. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला आणि १९५० मध्ये ड्युरँड चषकही पटकाविला. हैदराबादने संतोष करंडक १९५६-५७ आणि १९५७-५८ असा लागोपाठ दोनदा जिंकला. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. त्याच मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईत वाढलेला गोमंतकीय होता, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तुलसीदास बलराम, पीटर थंगराज, युसुफ खान, मोहम्मद हबीब, सय्यद नईमुद्दीन, शब्बीर अली ही नावे ज्या शहराने देशाला दिली, त्या शहरात आज वरच्या श्रेणीचा एकही संघ नसावा, ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. रहीम यांच्यावरील ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ मध्ये देशभर दाखविला गेला. त्यांच्या शहराचा संघ नेमका त्याच वर्षी दुसरा मालक शोधीत होता.

तथापि, जुने ते सर्व सोने, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळू इच्छितो. सिटी पोलिसांचा संघही लोकांच्या मालकीचा नव्हता. तो एका सरकारी खात्याचा होता. खेळाडूला खात्यात नोकरी मिळे, घर चाले, म्हणून तो हैदराबादेत टिके. रहीम १९६३ मध्ये निवर्तले. पुढे कलकत्त्याच्या क्लबांनी अधिक पैसा आणि अधिक मान देऊ केला, तेव्हा हबीब, नईमुद्दीन यांच्यासारखे गुणी खेळाडू तिकडे गेले आणि हैदराबादचा बहर ओसरला. म्हणजे आधार खात्याचा असो वा भांडवलदाराचा, तो एकाच खांबाचा असेल तर खांब खचताच छप्पर येते. यात फरक असलाच, तर एवढाच की, खात्याचा संघ जागच्या जागी विझला आणि कंपनीचा संघ सामान बांधून निघून गेला.

गोव्याला हे वेगळे सांगावयास नको. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत देशाच्या आय-लीगचे विजेतेपद सहाही वेळा गोव्यात आले. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. आणि २०१६ मध्ये, देशातील फुटबॉलची नवी रचना मान्य नसल्याने, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, असे आमचे आजही मत आहे. परंतु तो निर्णय मालकांचा होता. चिखलीपासून नावेलीपर्यंतच्या ज्या घरांत या संघांच्या जयपराजयावर रात्रीचे जेवण गोड वा कडू होत असे, त्या घरांना तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावयास मिळाला. धेंपो संघ पुढे २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, ही समाधानाची गोष्ट. मधली वर्षे मात्र परत येत नाहीत.

येथे आम्हांस गोमंतकाच्या भाटकार-मुंडकार संबंधाची आठवण होते. भाट भाटकाराचे, पण झोपडी मुंडकाराची, चूल मुंडकाराची, माडांची राखण मुंडकाराची. तीन पिढ्या त्या जमिनीवर राबून, जन्मून आणि मरूनही कागदावर त्याचे नाव नसे. भाटकाराचे मन फिरले, की त्याने उठावे. हा अन्याय आहे हे कळण्यास आपल्याला मुक्तीपर्यंत थांबावे लागले आणि तो दूर करण्यासाठी १९७५ चा मुंडकार कायदा करावा लागला. भाटकाराची मालकी त्या कायद्याने नष्ट केली नाही. राहत्या माणसाला मनमानीने उठविता येणार नाही, हे त्याने प्रस्थापित केले. आजचा फुटबॉलप्रेमी हा संघाचा मुंडकार आहे. फरक इतकाच की, येथे भाटकार स्वतःच भाट घेऊन निघून जातो आणि मुंडकार रिकाम्या जागेकडे पाहत उभा राहतो.

यावर मालकवर्गाचे म्हणणे काय असेल, तेही ऐकून घेतले पाहिजे. संघ चालविणे हा तोट्याचा व्यवहार आहे. वर्षानुवर्षे पदरचे पैसे घालणाऱ्याला, जेथे परवडेल तेथे जाण्याची मुभा हवी. गच्चीबोवलीची बाके तरी कोठे भरत होती, असे ते विचारतील. हा युक्तिवाद पोकळ नाही. संपूर्ण लीगचाच पाया डळमळीत आहे, हे नुकतेच सर्वांनी पाहिले. महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला, तत्पूर्वी नूतनीकरण झाले नाही, निविदांना प्रतिसाद लाभला नाही आणि जो हंगाम एरवी पाऊस ओसरताच सुरू व्हावयाचा, तो १४ फेब्रुवारी २०२६ रोजी, सामन्यांची संख्या घटवून, कसाबसा सुरू झाला. अशा परिस्थितीत मालकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु बाके रिकामी का राहिली, याचाही विचार व्हावा. पहिल्या हंगामानंतर दोन वर्षे संघ शहरात खेळलाच नाही. तो आपल्या माणसांसमोर पुन्हा आला तेव्हा विजेता होऊन आला आणि वर्षभरातच त्याची पडझड सुरू झाली. मैदान शहराच्या पश्चिम टोकाला, विद्यानगर, काचीगुडा, मलकपेठ या जुन्या वस्त्यांपासून दूर. विजयी चमूत हैदराबादच्या गल्लीत वाढलेला खेळाडू शोधावा लागे. ज्या घरातील पोरगा खेळत नाही, त्या घरातून प्रेक्षक येत नाही, हा मैदानाचा जुना नियम आहे.

जगातही हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमधील विंबल्डन हा क्लब २००३ मध्ये मालकांनी मिल्टन कीन्स या दूरच्या गावी नेला. स्थलांतरास परवानगी मिळताच, २००२ मध्येच, पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब स्थापिला, अगदी खालच्या श्रेणीपासून खेळावयास आरंभ केला, नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये चढविला आणि २०२० मध्ये जुन्या परिसरात स्वतःचे मैदानही उभारले. जर्मनीत क्लबमधील मतांचा अर्ध्याहून अधिक हिस्सा सर्वसाधारणपणे सभासदांच्या हाती ठेवण्याचा दंडक आहे. धनिक पैसा गुंतवू शकतो, पण संघाचे बिऱ्हाड हलवू शकत नाही. आपल्याकडेही मोहन बागानच्या नावाला दुसरे नाव जोडले गेले, तेव्हा सभासदांनी आणि पाठीराख्यांनी तीन वर्षे निषेध जारी ठेवला आणि २०२३ मध्ये ते जोडनाव गळून पडले. जेथे प्रेक्षक संघटित असतो आणि कागदावर त्याचे थोडे तरी अस्तित्व असते, तेथे मालकाला त्याचे ऐकावे लागते. हैदराबादेत यांपैकी काहीच नव्हते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. देशाच्या लीगची घडी नव्याने बसत असताना तिच्या नियमांत चार गोष्टी यावयास हव्यात. पहिली, कोणत्याही संघाला शहर सोडावयाचे असल्यास एका पूर्ण हंगामाची जाहीर पूर्वसूचना आणि पाठीराख्यांची सुनावणी बंधनकारक करावी. दुसरी, संघाचे नाव, रंग आणि जिंकलेले चषक ही त्या शहराची ठेव मानावी. नवा मालक नव्या शहरात जावो, पण २०२२ चा इतिहास हैदराबादचाच राहावा. तिसरी, खेळाडूंच्या एका वर्षाच्या वेतनाइतकी रक्कम हंगामापूर्वीच अनामत ठेवावी, म्हणजे पगार थकून संघ विस्कटण्याची वेळ येणार नाही. चौथी, वर्गणीदार पाठीराख्यांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी संचालक मंडळावर असावा. त्याच्या एका मताने काही फिरणार नाही हे खरे. पण जे बंद दाराआड घडते, ते निदान एक माणूस पाहील. यांपैकी एकाही सूचनेने कोणा मालकाचे दिवाळे निघणार नाही.

आणि हा उपदेश आम्ही केवळ इतरांस करीत नाही. आज एफसी गोवा सुस्थितीत आहे, २०१९ मध्ये एकदा आणि २०२५ मध्ये दोनदा सुपर कप त्याने जिंकला आहे, फातोर्डा गजबजते. नेमकी हीच वेळ विचाराची आहे. २०२२ च्या त्या रात्री हैदराबादही सुस्थितीतच होते. चषक हातात असताना कागद तपासणे कोणालाच आवडत नाही, आणि कागद तपासण्याची वेळ येते तेव्हा चषक हातात उरलेला नसतो. गोवा फुटबॉल असोसिएशन, क्रीडाखाते आणि आमदार मंडळी यांनी हा विषय संघाच्या भरभराटीच्या काळातच हाती घ्यावा.

आता विद्यानगरच्या आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. आपण दिल्लीकर व्हावयाचे काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. दिल्लीला तिचा संघ लाभो, त्याचे पाठीराखे त्याला मिळोत. त्यांचे आणि आपले वैर नाही. पण निष्ठा ही मालमत्तेबरोबर हस्तांतरित होणारी वस्तू नव्हे. हैदराबादेत अद्याप फुटबॉल आहे. श्रीनिधी डेक्कन हा तेथील संघ २०२२-२३ आणि २०२३-२४ मध्ये लागोपाठ आय-लीगचा उपविजेता ठरला होता. त्याहूनही खाली, शाळांच्या आणि मोहल्ल्यांच्या मैदानांवर, अनवाणी धावणारी मुले आहेत. रहीममास्तरांनी आपले संघ उभे केले ते अशाच मुलांतून. आमच्या स्नेह्यांनी यंदा लेखणी खाली ठेवू नये. एखाद्या संध्याकाळी घराजवळच्या मैदानावर जावे, कोणता पोरगा डाव्या पायाने चांगला मारतो ते पाहावे, आणि हंगामाचे भाकीत त्याच्याबद्दल लिहून आम्हांस पाठवावे. असा पोरगा एका वर्षात संघ होत नाही. पण तो कोणी उचलून दिल्लीला नेलाच, तर तो कोणत्या वस्तीचा, हे सांगणारी माणसे मागे उरतील. दहा वर्षांपूर्वी पुण्यात आणि गोव्यात ज्यांनी हे केले नाही, त्यांत आम्हीही होतो, हे कबूल करून आम्ही हे लिहीत आहोत. पत्राची वाट पाहत आहोत.